शिस्त धरली की नेम लागतो

मुलुख मैदान तोफ म्हटलं की विजापूर आठवतं. पण ती ओतली गेली नगरात, १५४९ साली, निजामशाहीच्या अमदानीत. वजन पंचावन्न टनांच्या घरात, आणि तोंड एवढं रुंद की आत माणूस बसावा. एवढ्या तोफेला नेमाची फार चिंता नसावी. समोरच्या फौजेच्या दिशेला तोंड केलं की काम भागत असेल. पण तेव्हापासून नगर आणि नेमबाजी यांचं जे नातं जुळलं ते आजही तुटलेलं नाही. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, तरी रणगाड्यांवरच्या जवानांना घडवणारं आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथेच आहे. खारे कर्जुने गावाच्या नावाने ओळखली जाणारी के. के. रेंज ही सराव गोळीबाराची जागा शहराजवळच आहे. १९९४ मध्ये सुरू झालेल्या इथल्या रणगाडा संग्रहालयात रोल्स रॉइसच्या चिलखती गाडीपासून १९६५च्या युद्धात हाती लागलेल्या पॅटन रणगाड्यापर्यंत कितीतरी तोफा लांब नळ्या रोखून उभ्या आहेत.

अशा गावात बसून पूल आणि बिलियर्ड्सच्या नेमाबद्दल लिहायला एक चांगलं निमित्त आहे. स्नूकर या खेळाचं नावच मुळी तोफखान्याच्या शाळेतून आलेलं आहे. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत डेव्हनशायर रेजिमेंटचे अधिकारी मेसमध्ये बिलियर्ड्सच्या टेबलावर जास्तीचे रंगीत बॉल घालून नवा डाव मांडत होते. त्यांत नेव्हिल चेंबरलेन नावाचा विशीच्या आतला अधिकारी होता. इंग्लंडमधल्या वूलिच इथे तोफखान्याचे आणि इंजिनिअर दलाचे अधिकारी तयार होत. तिथल्या कोऱ्या, नवशिक्या कॅडेटला ‘स्नूकर’ म्हणून चिडवत. डावात एकाचा अगदी सोपा बॉल हुकला, तेव्हा चेंबरलेनने त्याला हीच शिवी घातली, आणि मग म्हणाला की या खेळात आपण सगळेच स्नूकर आहोत. पुढे उटीच्या क्लबात नियम बसले, खेळ जगभर गेला, नाव तेच राहिलं. म्हणजे हुकलेल्या नेमातूनच हे बारसं झालं.

तो सोपा बॉल का हुकला असेल, हे शोधणं हा या लेखाचा विषय. कारण दीडशे वर्षांनंतरही तो तसाच हुकतो. पूलच्या टेबलावर पहिल्यांदा क्यू धरणारा मुलगा दर दोन मिनिटांनी म्हणतो, “नेम तर बरोबर धरला होता!” बहुतेक वेळा तो खरंच बोलत असतो. चूक नेमात नसते. नेम कशावर धरायचा आणि कुठे उभं राहून धरायचा, यात ती असते.

जिथे लागायला हवा, तिथे बघायचं नाही

पहिली चूक भूमितीची आहे. पॉकेट समोर दिसतंय. रंगीत बॉल तिथे जायचा तर पॉकेटाच्या बरोबर उलट बाजूने त्याला धक्का बसला पाहिजे. तो धक्क्याचा बिंदू डोळ्यांना दिसतोही. नवशिका त्या बिंदूवर नजर लावून पांढरा बॉल सरळ तिकडे मारतो, आणि बॉल पॉकेटाच्या अलीकडच्या कडेला आपटतो.

का, ते समजायला पांढऱ्या बॉलची जाडी लक्षात घ्या. पूलचा बॉल ५७ मिलिमीटरचा असतो. आपण मारतो तेव्हा रेषेवरून चालतं ते त्याचं केंद्र. पण रंगीत बॉलला लागते ती त्याची कड. केंद्र धक्क्याच्या बिंदूवर कधीच पोहोचत नाही, कारण त्याआधीच कड जाऊन आदळते. म्हणून नेम बिंदूवर नाही, तर टक्कर होण्याच्या क्षणी पांढऱ्या बॉलचं केंद्र जिथे असेल त्या जागेवर धरायचा. ती जागा शोधणं सोपं आहे. पॉकेटपासून रंगीत बॉलच्या मध्यातून एक रेष काढा आणि ती मागे वाढवा. त्या रेषेवर, रंगीत बॉलला चिकटून, एक न दिसणारा पांढरा बॉल ठेवलाय असं समजा. जगभरचे खेळाडू त्याला भुताचा बॉल म्हणतात. आपला पांढरा बॉल त्या भुताच्या जागी नेऊन पोहोचवायचा, एवढंच काम.

कॅरम खेळलेल्यांना हे हाताने माहीत असतं, फक्त शब्दांत मांडलेलं नसतं. सोंगटीला कट मारताना आपण स्ट्रायकर सोंगटीच्या मध्यावर रोखत नाही. तिच्या बाजूच्या मोकळ्या जागेकडे रोखतो. तिथेही एक भुताचा स्ट्रायकर बसलेला असतो. फरक एवढाच की स्ट्रायकर सोंगटीपेक्षा मोठा असतो, त्यामुळे दोघांच्या केंद्रांतलं अंतर दोन्ही त्रिज्यांची बेरीज करून धरावं लागतं. पूलमध्ये दोन्ही बॉल सारखे, म्हणून हिशेब आणखी सोपा: केंद्रापासून केंद्र एक बॉलभर.

या हिशेबातून एक उपयोगी युक्ती निघते. पांढऱ्या बॉलच्या मागे उभं राहून बघा की धक्क्याचा बिंदू रंगीत बॉलच्या मध्यापासून किती बाजूला दिसतोय. तेवढंच अंतर आणखी एकदा त्याच दिशेला मोजा. जिथे पोहोचाल तिथे नेम. ३० अंशांच्या कटमध्ये बिंदू मध्यापासून साधारण १४ मिलिमीटर बाजूला असतो. नेम मात्र २८ मिलिमीटरवर, म्हणजे थेट बॉलच्या कडेवर धरावा लागतो. बिंदूवरच मारलं तर ३० ऐवजी जेमतेम साडेचौदा अंशांचा कट बसतो. नवशिक्याचा बॉल नेहमी ‘जाड’, म्हणजे हवा त्यापेक्षा मध्याकडे, का लागतो, याचं उत्तर या दुपटीत आहे.

पावकी, निमकी, पाऊणकी

जुन्या खेळाडूंना भूत बघायची गरज पडत नसे. ते अपूर्णांकांत विचार करत. पांढरा बॉल रंगीत बॉलला किती झाकतो, यावरून टक्करीला नाव: पूर्ण, पाऊण, अर्धी, पाव. पावकी-निमकीचे पाढे म्हटलेल्या पिढीला हे लगेच कळेल.

पूर्ण टक्कर म्हणजे केंद्रावर केंद्र. बॉल सरळ जातो. पाऊण टक्करीत तो साडेचौदा अंश वळतो. अर्ध्या टक्करीत, म्हणजे पांढऱ्या बॉलचं केंद्र रंगीत बॉलच्या कडेवर धरलं की, बरोबर ३० अंश. पाव टक्करीत सुमारे ४९ अंश. आता या आकड्यांमधलं अंतर बघा. पूर्णपासून पाऊणपर्यंत कोन साडेचौदा अंशांनी बदलला, पाऊणपासून अर्ध्यापर्यंत साडेपंधरा अंशांनी, अर्ध्यापासून पावपर्यंत मात्र एकदम एकोणीस अंशांनी. पावच्या पुढे, बॉल नुसता पुसत जाण्यापर्यंत, तब्बल एक्केचाळीस. म्हणजे टक्कर जितकी पातळ, तितकी केसभर चूकही महाग. पातळ कट बघायला देखणा असतो, पण अनुभवी खेळाडू तो टाळायचा प्रयत्न करतो. आधीचा फटकाच असा मारतो की पुढचा बॉल पाऊण किंवा अर्ध्याचा यावा.

अर्ध्या टक्करीला बिलियर्ड्समध्ये तर मानाचं स्थान आहे. बिलियर्ड्सच्या टेबलावर तीनच बॉल असतात आणि गुण मिळतात तीन प्रकारे: बॉल पॉकेटात घालून, आपला बॉल दुसऱ्या बॉलवर आपटून स्वतःच पॉकेटात नेऊन, म्हणजे इन-ऑफ, किंवा एकाच फटक्यात दोन्ही बॉलना लागून, म्हणजे कॅनन. इथल्या कॅननचा तोफेशी संबंध नाही बरं; हा शब्द आणि आपला ‘कॅरम’ दोघेही ‘कॅरंबोल’ या एकाच जुन्या शब्दाची लेकरं. तर इन-ऑफमध्ये महत्त्वाचं असतं ते आपला बॉल टक्करीनंतर किती वळतो हे. घरंगळत येणारा बॉल पाऊणपासून पावपर्यंत कुठेही टक्करला तरी साधारण तीस अंशांच्या आसपासच वळतो. अर्ध्यावर मारायला गेलात आणि थोडं जाड किंवा थोडं पातळ लागलं, तरी आपल्या बॉलची वाट फारशी बदलत नाही.

म्हणजे एकाच टेबलावर दोन न्याय. रंगीत बॉल घालायचा तर नेमातली बारीक चूकही चालत नाही. स्वतःचा बॉल घालायचा तर तीच चूक पोटात घातली जाते. पुण्यात १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्याला आणि १९६४ मध्ये न्यूझीलंडला जागतिक हौशी बिलियर्ड्सचे विजेते झाले; त्यांतलं पहिलं विजेतेपद हे कुठल्याही खेळात भारतीयाने मिळवलेलं पहिलं वैयक्तिक जगज्जेतेपद. मुंबईचे मायकल फरेरा यांनी १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत ११४९ गुणांचा ब्रेक केला, म्हणजे एकाच खेपेत न चुकता सलग तेवढे गुण. असे शेकड्यांनी आणि हजारांनी चालणारे ब्रेक नुसत्या अचूक नजरेवर होत नाहीत. कुठला फटका चूक पोटात घालतो हे ओळखून, तोच पुन्हा पुन्हा समोर येईल अशी मांडणी करत जावं लागतं. नेमबाजाला कुठे नेम धरायचा नाही, हेही कळावं लागतं.

पावणेदोन मिलिमीटर

चूक किती चालते, याचा एक ढोबळ हिशेब करू. पांढरा आणि रंगीत बॉल एकमेकांपासून एक मीटरवर, आणि रंगीत बॉल पॉकेटपासून आणखी एक मीटरवर. सगळं सरळ रेषेत. याहून सोपा फटका कुठला, असं वाटेल. पण टक्करीत चूक मोठी होते. पांढऱ्या बॉलची दिशा जितकी चुकेल, त्याच्या साधारण सतरापट रंगीत बॉलची चुकते. मीटरभर अंतर भागिले ५७ मिलिमीटर, एवढं साधं हे गणित.

पॉकेटाचं तोंड साडेअकरा सेंटिमीटर धरलं, तर बॉल वजा जाता दोन्ही बाजूंना जेमतेम तीन-तीन सेंटिमीटर मोकळे राहतात. म्हणजे रंगीत बॉलला पावणेदोन अंशांची सूट. तिला सतराने भागलं की पांढऱ्या बॉलला उरते एका अंशाचा दहावा भाग. मीटरभर अंतरावर ही सूट भरते पावणेदोन मिलिमीटर. शर्टाच्या बटणाएवढी जाडी! पूलचं हे, तर बारा फुटी स्नूकर टेबलावर अंतरं मोठी, बॉल लहान आणि पॉकेटं अरुंद.

एवढी बारीक गोष्ट नुसत्या डोळ्याने, वाकलेल्या अवस्थेत, धडधडत्या छातीने साधायची असेल तर डोळा, क्यू आणि रेष यांचा आपसांत मेळ आधीच बसलेला हवा. इथे पुन्हा रणगाड्याकडे वळावं लागतं.

तोफ एकीकडे, डोळा दुसरीकडे

रणगाड्यात गोळा निघतो नळीतून, पण तोफची बघतो दुर्बिणीतून. दुर्बीण नळीच्या बाजूला बसवलेली असते. दोघींच्या रेषा वेगळ्या. त्या एकत्र आणल्या नाहीत, तर दुर्बिणीतल्या फुलीवर शत्रूचा रणगाडा अगदी नेमका दिसेल आणि गोळा शेजारून जाईल. म्हणून गोळीबाराआधी दुर्बीण आणि नळी जुळवून घेतात. या कामाला बोअरसाइटिंग म्हणतात. याची जुनी रीत फार सुंदर आहे. नळीच्या तोंडावर दोन दोरे आडवे-उभे ताणायचे, मागच्या बाजूने नळीतूनच बघायचं आणि दोऱ्यांची फुली दूरच्या एका ठरलेल्या खुणेवर आणायची. मग नळी न हलवता दुर्बिणीची फुली त्याच खुणेवर आणायची. आता दोघी एकच बोलतात.

टेबलावर क्यू ही नळी आणि डोळा ही दुर्बीण. रणगाड्यात दोन्ही लोखंडाने पक्क्या केलेल्या असतात. आपल्यात मान मऊ असते. दर फटक्याला डोकं दोन सेंटिमीटर इकडे-तिकडे गेलं, तर दुर्बीणच सरकली. मग क्यू तिरका असूनही सरळ दिसतो.

त्यात माणसाला डोळे दोन, आणि दोघांचा अधिकार सारखा नसतो. हात लांब करून अंगठ्याने भिंतीवरचं घड्याळ झाका. आता एकेक डोळा मिटून बघा. ज्या डोळ्याने बघताना अंगठा जागचा हलत नाही, तो तुमचा वरचढ डोळा. बऱ्याच जणांचा उजवा असतो, काहींचा डावा, आणि काहींचा कल मधेच कुठेतरी असतो. म्हणून क्यू हनुवटीच्या बरोबर मधोमध हवा, हा सरसकट नियम सगळ्यांना लागू नाही. स्नूकरचा पहिला जगज्जेता जो डेव्हिस उजव्या डोळ्याने अधू होता. त्याचा क्यू डाव्या डोळ्याखालून जायचा. त्यातून तो पंधरा वेळा जगज्जेता झाला.

आपली जागा शोधायला शिंप्याकडचा पांढरा दोरा पुरतो. टेबलावर तो ताणून ठेवा, त्यावर क्यू धरा आणि नेहमीसारखं वाकून बघा. डोकं हळूहळू डावीकडून उजवीकडे न्या. एका ठिकाणी क्यू आणि दोरा एकच सरळ रेष दिसतील. बाकी सगळीकडे क्यू दोऱ्याला कापून जातोय असं वाटेल. ती जागा ध्यानात ठेवा आणि दर वेळी हनुवटी तिथेच आणा. हेच तुमचं बोअरसाइटिंग.

चष्मेवाल्यांची अडचण निराळी. वाकल्यावर डोकं खाली आणि नजर वर, त्यामुळे आपण काचेच्या वरच्या कडेतून किंवा फ्रेमवरून बघतो. तिथे आकृती वेडीवाकडी दिसते. १९८५ साली स्टीव्ह डेव्हिसला अगदी शेवटच्या काळ्या बॉलवर १८-१७ असं हरवून जगज्जेता झालेला डेनिस टेलर डोळ्यांवर उलटा घातल्यासारखा दिसणारा मोठा चष्मा लावायचा. लोक हसायचे. पण ती वर चढवलेली काच वाकलेल्या डोळ्यासमोर बरोबर येत असे. तो चष्मा घडवणारा जॅक कार्नेम हा स्वतः जागतिक हौशी बिलियर्ड्सचा विजेता होता. टेबलावर वाकलेल्या माणसाची नजर त्याला आतून माहीत होती.

रेष उभ्याने दिसते

आता शेवटची आणि सगळ्यांत मोठी चूक. बहुतेक जण आधी वाकतात आणि मग नेम शोधतात. वाकल्यावर टेबल सपाट होतं. पॉकेट, रंगीत बॉल आणि पांढरा बॉल एकामागे एक दाटतात. कोन दिसत नाही, फक्त गर्दी दिसते. मग चुळबुळ सुरू होते: क्यू थोडा डावीकडे, खांदा थोडा उजवीकडे, कोपर बाहेर. हात वाकडा आणि नेम सरळ, अशी गत होते. फटका मारताना हात आपल्या सवयीच्या वाटेने जातो आणि बॉल चुकतो.

नगरचा मुलगा बहुधा कॅरमवरून पूलकडे येतो, आणि ही चूकही तिथूनच घेऊन येतो. कॅरममध्ये माणूस खुर्चीवर बसलेला आणि खुर्ची हलवायची नाही. पण स्ट्रायकर रेघेवर हवा तिथे सरकवता येतो. रेष आपल्याकडे आणता येते. पूलमध्ये पांढरा बॉल जिथे थांबला तिथेच असतो. इथे आपल्यालाच रेषेकडे जावं लागतं, आणि जायचं ते हाताने नाही, पायाने.

म्हणून क्रम असा. आधी उभं राहून, पांढऱ्या बॉलच्या दोन पावलं मागे, पॉकेट ते बॉल ही रेष बघा. मग भुताच्या बॉलपासून पांढऱ्या बॉलपर्यंतची रेष बघा, आणि ती मागे आपल्या पायापर्यंत येते असं मनात आणा. उजव्या हाताने खेळत असाल तर उजवा पाय त्या रेषेवर टाका. डावा पाय थोडा पुढे आणि बाजूला. मग नजर रेषेवरून न हलवता कमरेतून सरळ खाली या. हनुवटी क्यूवर, पंजाचा आधार पांढऱ्या बॉलपासून वीतभर मागे. खाली आल्यावर नेम चुकीचा वाटला तर अंग पिळून दुरुस्त करू नका. उठा, मागे जा, पुन्हा या. मोठे खेळाडू भर सामन्यात अर्ध्यातून उठताना दिसतात ते याचसाठी.

फटक्यापूर्वी नजर कुठे असावी, यावर संशोधनही झालंय. कॅलगरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी नेमाच्या खेळांत खेळाडूच्या शेवटच्या स्थिर नजरेला ‘शांत नजर’ असं नाव दिलं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या बिलियर्ड्सवरच्या एका अभ्यासात दिसलं की निष्णात खेळाडूंची ही शेवटची नजर नवशिक्यांपेक्षा जास्त वेळ एका जागी टिकते, आणि फटका अवघड असला की ती आणखी लांबते. पांढऱ्याकडे, रंगीतकडे, पुन्हा पांढऱ्याकडे असं बघत बसायचं ते सराव-झोक्यांच्या वेळी. क्यू शेवटचा मागे गेला की नजर एका जागी, बहुतेकांच्या बाबतीत रंगीत बॉलवर, रुतलेली हवी. डोकं हललं नाही ना, हे बॉल पॉकेटात पडेपर्यंत बघावं.

इथे आपली भाषा मदतीला येते. मराठीत नेम धरण्याला आणखी एक जुना शब्द आहे: शिस्त. बंदुकीची शिस्त धरणे, शिस्त बांधणे असे प्रयोग जुन्या लेखनात आणि कोशांत सापडतात. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ रोख निशाण साधण्याकडे होता. वळण, टापटीप हा अर्थ त्याला नंतर चिकटला आणि आज तोच उरला. नेम या शब्दाची गोष्ट उलट्या बाजूने तीच. नियमाचं घासलेलं रूप म्हणजे नेम. नेमाने देवळात जाणारी आजी आणि नेम धरणारा शिकारी यांना एकच शब्द पुरतो. निशाण साधणं आणि दर वेळी तेच तसंच करणं, या दोन गोष्टी आपल्या पूर्वजांना वेगळ्या वाटल्या नाहीत. टेबलावर तासभर घालवला की त्या आपल्यालाही वेगळ्या वाटत नाहीत.

भूमितीला न जुमानणाऱ्या गोष्टी

सगळं बरोबर करूनही बॉल थोडा जाड गेल्यासारखा वाटतो, याचं एक कारण घर्षण. टक्करीच्या क्षणी पांढरा बॉल रंगीत बॉलला नुसता ढकलत नाही, किंचित ओढतोही. हळू मारलेल्या मधल्या कटमध्ये ही ओढ जास्त जाणवते. बॉलवर धूळ किंवा खडूची पूड असेल तर आणखी. नगरसारख्या कोरड्या, धुळीच्या मुलखात डावाआधी बॉल कापडाने पुसून घेणं हा नखरा नाही, ती नेमाचीच तयारी आहे.

दुसरी भानगड साइडची. पांढऱ्या बॉलला मध्याच्या उजवीकडे मारलं की तो निघतानाच किंचित डावीकडे सरकतो, आणि मग कापडावर फिरकीने पुन्हा उजवीकडे वळू लागतो. किती, हे क्यूवर, वेगावर आणि अंतरावर ठरतं. म्हणून शिकताना साइड हातात घेऊ नये. मधोमध मारलेला बॉल चुकला तर चूक कुठे झाली ते कळतं. साइड लावून चुकला तर दहा कारणं निघतात.

घरचा अभ्यास

तासावर भाड्याने घेतलेल्या टेबलावर पहिली दहा मिनिटं रंगीत बॉलना हात लावू नका. एकटा पांढरा बॉल टेबलाच्या मधल्या खुणेवर ठेवा आणि समोरच्या कुशनच्या मध्यावर सरळ मारा. तो परत येऊन क्यूच्या टोकालाच लागला पाहिजे. उजवीकडे-डावीकडे परतला तर तुम्ही मध्यावर मारत नाही, किंवा क्यू तिरका जातोय. हा सराव खोटं बोलत नाही.

मग एक रंगीत बॉल ठेवा आणि दुसरा खरा बॉल त्याला चिकटवून भुताच्या जागी ठेवा. पांढऱ्या बॉलच्या मागे उभं राहून ते चित्र नीट बघा. मग तो बॉल उचला, जागा मनात ठेवा आणि मारा. कागदाला भोक पाडल्यावर लावतात त्या चिकट रिंगा मिळाल्या तर भुताच्या केंद्राखाली एक चिकटवा. पांढरा बॉल तिच्यावर पोहोचतो का, ते कळेल. नंतर अर्ध्या टक्करीचा तोच फटका दोन्ही बाजूंनी वीस-वीस वेळा मारा. एका बाजूला बॉल सतत जाड आणि दुसऱ्या बाजूला सतत पातळ जात असेल, तर दोष हाताचा नाही; हनुवटी जागेवर नाही.

मोबाइल असतोच. तो समोरच्या कुशनवर रेषेत टेकवून चित्रीकरण करा. क्यू आणि कोपर फटक्यात सरळ राहतात का, डोकं उचलतं का, ते दोन मिनिटांत दिसेल. त्यासाठी प्रशिक्षक लागत नाही, प्रामाणिकपणा लागतो.

आणि पुढच्या वेळी सोपा बॉल चुकला, तर टेबलाला, क्यूला किंवा नशिबाला बोल लावू नका. जसे उभे आहात तसेच थांबा आणि मागचा पाय कुठे आहे ते बघा. तो रेषेवर नसेल, तर नेम तुम्ही वाकण्याआधीच चुकला होता.